रामनदी: खळाळ आणि डोह

भूगाव, बावधन, पाषाणवरून येऊन औंधजवळ मुळा नदीला मिळणाऱ्या पुण्याच्या रामनदीकडे पाहिले, की नदी ‘सुशोभित’ करणे आणि जिवंत करणे यांतले अंतर ध्यानात येते. पात्र सरळ करून काठाला भिंत घातली की पाणी झपाट्याने निघून जाते खरे. परंतु खळाळ, म्हणजे गोट्यांवरून फेसाळत प्राणवायू घेणारा उथळ प्रवाह, आणि डोह, म्हणजे उन्हाळ्यात माशांना आसरा देणारी खोल जागा, दोन्ही नाहीसे होतात. ओठाखालच्या चकतीने दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्या माशाला ही शोभा काय कामाची? खंड्याला तर घरट्याचे बीळ कोरायला मातीची उभी दरडच लागते, आणि भिंतीखाली नेमकी तीच गाडली जाते. सांडपाणी वरच्या अंगालाच अडवून उंबर-करंजाच्या मुळांवर काठ सोपवणे, हे नदी जिवंत करण्याचे काम मात्र संथ आणि छायाचित्रात न दिसणारे आहे.