विशेषणांची परिषद

हृदयाच्या सोनोग्राफीला, म्हणजे इकोला, वाहिलेल्या वार्षिक परिषदेविषयी साहित्याच्या वाचकांसमोर का लिहावे, असे कुणी विचारल्यास आमचे उत्तर एवढेच, की त्या मेळाव्यात सर्वाधिक खल होतो तो विशेषणांचा. सौम्य, मध्यम की तीव्र? अहवालाच्या अखेरीस यांतला कोणता शब्द लिहावा, यासाठी देशभरातून माणसे जमतात. इंडियन अकॅडमी ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या परिषदांना आम्ही यवतमाळची काही डॉक्टर मंडळी धामणगावहून रेल्वे धरून जातो, तीही याच ओढीने. शब्दांवरून भांडणे आमच्या गावाला नवी नाहीत. १९७३ आणि २०१९ अशी दोन अखिल भारतीय साहित्य संमेलने यवतमाळने पाहिली आहेत.

सभागृहात अंधार होतो आणि पडद्यावर एका अनोळखी हृदयाचे दोन-तीन ठोके पुन्हा पुन्हा फिरू लागतात. झडपेच्या तोंडाची कड कर्सरने गिरवून तिचे क्षेत्रफळ काढायचे असते. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची रेषा जरा इकडेतिकडे होते आणि दशांशाचा आकडा बदलतो. आता संगणकही पुष्कळ मोजमापे स्वतःच करतो. तरीही चित्र मुळात नीट टिपले गेले होते का, हा वाद माणसांनाच घालावा लागतो. एकाच संहितेची दोन वाचने व्हावीत, तसेच हे.

या विद्येचा आरंभच एका झडपेपाशी झाला. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूंतील दोष शोधणारे ध्वनियंत्र मानवी छातीला लावले. एडलरना मायट्रल झडप किती आकसली आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी जाणून घ्यायचे होते. लहानपणी घसा दुखतो, त्यावर पुरते उपचार होत नाहीत, मागून सांधे धरणारा ताप येतो आणि काही मुलांच्या झडपा त्यात कायमच्या बिघडतात. दाटीवाटीच्या घरांचा, गरिबीचा हा आजार. श्रीमंत देशांतून तो बहुतांशी गेला. आमच्या तपासणीच्या टेबलावर अजून येतो.

निरोगी मायट्रल झडप साधारण चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. २००९ च्या युरोपीय-अमेरिकी निकषांनुसार एक ते दीड चौरस सेंटिमीटर म्हणजे 'मध्यम' आकुंचन. २०१४ साली अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी दीड वा त्याहून कमी उघडणाऱ्या झडपेला 'तीव्र' म्हटले. १.३ चौरस सेंटिमीटरची झडप तिथल्या तिथे राहिली आणि तिचे विशेषण बदलले. बदल योग्यच होता; त्रास त्या मापापासूनच सुरू होतो आणि फुग्याने झडप रुंदावण्याचा विचार वेळेवर करता येतो. परिषदेत असे बदल समजून घ्यावेत, सर्वांनी एक बोलावे, हेच तिचे काम.

परंतु ज्यांच्या हृदयाविषयी हे ठरते, ती माणसे त्या सभागृहात नसतात. कळंब-राळेगावकडची एखादी बाई जुना आणि नवा असे दोन कागद शेजारी ठेवते. इंग्रजी तिला येत नाही, पण शब्द निराळा आहे हे तिला कळते. ती विचारते, "म्हणजे औंदा बिमारी वाढली का जी?" तिच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो, मूल होऊ द्यावे की नाही. गर्भारपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते आणि अरुंद दारातून ते जाताना बाईचा जीव कोंडतो. घरच्यांनी त्या एका विशेषणावरून तिच्या संसाराचा हिशेब मांडायला घेतलेला असतो.

आमच्या परिषदांत मापांवर तासन्तास बोलले जाते. हे सांगावे कसे, यावर क्वचित. वास्तविक मराठीत त्यासाठी शब्दांचा तुटवडा नाही. झडप, दार, दम, धाप, धडधड हे सारे रोगी स्वतःच घेऊन येतात. म्हणून अलीकडे आम्ही इंग्रजी अहवालाखाली हाताने तीन ओळी लिहितो. त्या बाईच्या कागदावर लिहिले: "झडपेचे दार पूर्वीइतकेच उघडते, फक्त आजाराची पायरी ठरवण्याची रीत बदलली आहे. मूल हवे असेल तर आधी झडपेचा उपचार विचारून घ्या. दिवस गेलेच, तर पहिल्याच महिन्यात दाखवायला या."