थंडी, चळी आणि अळी

आमच्या भागात थंडीला दोन नावे आहेत. घरात थंडी, उंबऱ्याबाहेर चळी. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला दोन्ही नावांनी सारखीच हुडहुडी भरते. बिदर समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून उंच. मार्गशीर्ष-पौषात तिथला पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो, आणि येळवशीला शेतात भज्जी-आंबिलीवर ताव मारतानाही खांद्यावरची घोंगडी कुणी काढत नाही.

याच दिवसांत तूर शेंगेत असते. गुलबर्गा तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तुरीवर घरचे लग्न नि पोरांची फी अवलंबून असणे ही गोष्ट त्याच्या फार आधीची. त्या शेंगेला भोक पाडून, अर्धे अंग आत नि अर्धे बाहेर ठेवून दाणा खाणारी घाटेअळी आमच्याकडे सर्वांना ठाऊक. आभाळ आले की वडिलांचा चेहरा उतरे आणि थंडी कडक पडली की खुले. "आता अळी मरंल," असे ते म्हणत.

शेजारच्या शिवारात एक कानडी शेतकरी होते. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. ते शांतपणे तंबाखू मळत म्हणायचे, "चळीगे हुळ सायंगिल्ल, मलगतद." थंडीने किडा मरत नाही, झोपतो. वडील हसून सोडून देत.

पुढे वाचनात आले, तेव्हा मामांचे पारडे जड निघाले. पाणी गोठले की बर्फाच्या सुया पेशी फोडतात, हे खरे. पण थंड मुलुखातले पुष्कळ किडे हिवाळ्याआधी पोट रिकामे करतात, कारण आतल्या कणाभोवतीच बर्फ धरायला लागतो. शिवाय रक्तात ग्लिसरॉल साठवतात. फुटलेल्या ओठांना आपण लावतो तेच ग्लिसरीन! त्यामुळे शून्याखाली बरेच अंश उतरूनही त्यांच्या अंगातले पाणी पातळच राहते. काही तर गोठणेच पत्करतात, फक्त बर्फ पेशींच्या बाहेर होऊ देतात. कॅनडाच्या ध्रुवीय भागातला एक केसाळ सुरवंट वर्षाचे बहुतेक महिने असा गोठून पडतो. त्याचा पतंग व्हायला सुमारे ७ वर्षे लागतात. नेपाळच्या याला हिमनदीवर कोशिमा या जपानी संशोधकांना आखूड पंखांचा एक कीटक सापडला, तो उणे १६ अंशांतही चालतो. १९८४ साली ही बातमी छापून आली, तेव्हा जगाला नवल वाटले होते.

आमच्या घाटेअळीला एवढे तप करावे लागत नाही. बिदरची चळी ती केवढी! पोट भरले की अळी झाडावरून उतरते, काही बोटे खोल मातीत शिरते आणि कोष करते. वर दहिवर पडले तरी काळी माती आत ऊब धरून असते. उन्हाळी हवेत जो कोष दोनेक आठवड्यांत फुटतो, तो थंडीत लांबतो. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात तर कित्येक कोष हिवाळा संपेपर्यंत निजून राहतात. मग पतंग निघतो, आणि एक मादी हजारावर अंडी घालू शकते. कडक थंडीत अळी दिसेनाशी होते ती अशी.

म्हणून थंडीच्या भरवशावर बसणे मला पटत नाही. कलबुर्गीकडे तुरीचे झाड वाकवून, खाली चादर धरून हलवायची रीत आहे. अळ्या पटापट पडतात, आणि कोंबड्यांची दिवाळी होते. वेळ खाणारे काम, पण फवाऱ्याइतके पैसे खात नाही. दुसरा उपाय तूर निघाल्यावरच्या नांगरटीचा. मामा ती कधी चुकवत नसत. ढेकूळ उलटले की तपकिरी, गुळगुळीत कोष उघडे पडत, वरून फाल्गुनाचे ऊन तापे, आणि बैलांच्या मागोमाग बगळे नि साळुंक्या तासातासाने वेचत चालत.