पत्ता, क्रमांक आणि तार

१/ आज संगणक-जाळ्याची गोष्ट सांगतो, कारण तिच्या मुळाशी दप्तराचाच प्रश्न आहे. नाव एका वहीत, वस्तू दुसऱ्या वहीत. दोहोंची गाठ घालायची कशी?

२/ सोलापुरातील एका शिक्षणसंस्थेचे जाळे मी काही काळ सांभाळले. राउटरला अनेक इंटरफेस असतात, म्हणजे तारा जोडण्याची मुखे. तक्रार येई ती आयपी पत्त्याविषयी. तार मात्र मुखाला जोडलेली. ऑनलाइन परीक्षा चालू असताना भलतीच तार उपसली, तर अख्ख्या वर्गाचा पेपर अर्धवट राहणार. म्हणून तारेला हात लावण्यापूर्वी यंत्रालाच विचारायचे, हा माझा शिरस्ता.

३/ असे दुरून विचारण्याची रीत म्हणजे एसएनएमपी. तिचे पहिले प्रमाणपत्रक १९८८ चे. उत्तरे कोणत्या तक्त्यांत ठेवावीत, हे मार्च १९९१ मधील 'एमआयबी-२'ने ठरवले. एका तक्त्यात आयपी पत्ते, दुसऱ्यात इंटरफेस. दोहोंना सांधणारा दुवा म्हणजे एक साधा आकडा : इंटरफेसचा अनुक्रमांक.

४/ उदाहरण घ्या. पत्ता १०.१.४.१. प्रश्न लिहायचा १.३.६.१.२.१.४.२०.१.२ असा आणि त्याच्या शेपटाला तोच पत्ता जोडायचा. उत्तर आले ७. आता १.३.६.१.२.१.२.२.१.२ च्या शेवटी ७ जोडून पुन्हा विचारायचे. सातव्या इंटरफेसचे वर्णन हाती येते. दोन प्रश्नांत गाठ बसली.

५/ तलाठ्याच्या दप्तराशी परिचय असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. गाव नमुना ८-अ मध्ये खातेदाराच्या नावापुढे खाते क्रमांक आणि त्याच्या जमिनींचे गट क्रमांक. त्या गटांचा तपशील सातबाऱ्यावर. मधला आकडा हरवला, तर मालक एकीकडे आणि माती दुसरीकडे.

६/ आकडा मात्र चिरंजीव नसतो. राउटर पुन्हा सुरू झाला की अनुक्रमांक बदलू शकतात. ते दोन आरंभांच्या दरम्यान स्थिर राहावेत, एवढेच १९९१ चे प्रमाणपत्रक सांगते. जमिनीचेही तसेच. १९४७ च्या कायद्यान्वये एकत्रीकरण योजना झाल्या, त्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजही जुन्या खरेदीखतातील नंबर नव्या उताऱ्याशी जुळवताना वारसांची दमछाक होते.

७/ पुढे २००६ च्या प्रमाणपत्रकाने आयपीच्या चौथ्या व सहाव्या, दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते एकाच तक्त्यात आणले. दुवा मात्र तोच राहिला. म्हणून मित्रहो, जुना कागद वाचताना क्रमांक दिसला की लगेच त्यावर विसंबू नका. तो कोणत्या वर्षीच्या वहीतला, हे आधी पाहा. क्रमांकाला अर्थ देते ती वही, आणि वह्या बदलत असतात.