तोफेच्या गोळ्यातून फुरसुंगीला

जूल व्हर्नची तोफ नऊशे फूट लांब होती आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडात जमिनीत उभी पुरलेली होती. मराठीत ती भा. रा. भागवतांनी आणली. मराठीतून ती नांदेडकडच्या आमच्या कंधारला पोचली तेव्हा आम्हा पोरांना तिच्यासाठी फार लांब बघावं लागलं नाही. किल्ल्यावर तोफा होत्याच. बुरुजावर चढायचं, उन्हानं तापलेल्या लोखंडाला हात लावून चटकन मागे घ्यायचा, आणि नळीत डोकं घालून हाळी द्यायची. आवाज घुमून परत यायचा. एवढ्याशा नळीतून माणसं चंद्रावर कशी जातील, हा प्रश्न आम्हाला पडत नसे. व्हर्ननं आकडे दिले होते, भागवतांनी ते मराठीत करून दिले होते. आता फक्त दारूगोळ्याची सोय राहिली होती.

प्रश्न पडला तो आजीला. मी ओसरीवर ‘चंद्रावर स्वारी’ घेऊन बसलो होतो.

“काय वाचायलास रे एवढं?”

“चंद्रावर चाललेत आजी, तोफंच्या गोळ्यात बसून.”

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. “अन् मग वापस कसे येतेत?”

अक्षरओळख नसलेल्या बाईनं विचारलेला हा प्रश्न बिनतोड होता. 1865 साली व्हर्ननं ते पुस्तक लिहिलं तेव्हा परतीची सोय त्यानंही केलेली नव्हती. त्याचा उतावळा फ्रेंच वीर तर परत यायचंय कुणाला, अशाच थाटात गोळ्यात शिरतो. गोळा सुटतो, पुस्तक संपतं, आणि वाचक खाली दुर्बिणी लावून बसतात. पुढे चार-पाच वर्षांनी दुसरं पुस्तक लिहून त्यानं ती मंडळी पॅसिफिक महासागरात आणून उतरवली. 1969 साली अपोलोचे वीरही त्याच महासागरात उतरले. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, पाण्यात पडले म्हणून वाचले. आणि पुन्हा पाखडायला लागली.

भास्कर रामचंद्र भागवतांचा जन्म 31 मे 1910चा, इंदूरचा. होळकरांच्या मराठी इंदुरातला हा माणूस पुढे मुंबई-पुण्याकडचा झाला. पत्रकारी केली, आकाशवाणीत काम केलं, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत पत्रकं काढली आणि तुरुंगात गेला. पत्नी लीलावतीबाई त्या धामधुमीत बरोबरीनं होत्या. त्या स्वतः मुलांसाठी लिहीत आणि पुढे मुंबई आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळा’मुळे घरोघरी ओळखल्या गेल्या. तुरुंगातून सुटलेली माणसं पुढे काय काय झाली, ते आपण पाहिलंय. कुणी मंत्री झाले, कुणाला पेट्रोलपंप मिळाले. भागवतांनी 1951 साली मुलांचं मासिक काढलं. नाव ‘बालमित्र’. मुलांच्या मासिकात पैसा नसतो हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. काही वर्षं चालून ते बंद पडलं. पण मराठी मुलाला उपदेश नको, थरार हवा, ही त्यांची खूणगाठ त्या मासिकात पक्की झाली आणि मासिक गेल्यावरही टिकली. मग ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ असा व्हर्नचा अख्खा गोतावळा मराठीत उतरला. शेवटच्या गोष्टीत तर एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाताना माणसांसकट तिचा लचका तोडून नेतो.

अद्भुत आम्हाला नवं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. बेचाळीस साली भागवत तुरुंगात होते तेव्हा कंधारवर निजामाचं राज्य होतं, आणि ते 17 सप्टेंबर 1948पर्यंत राहिलं. शाळा उर्दूतून. माझे आजोबा त्याच शाळेत शिकले. त्यामुळे घरात मराठी पुस्तकं नव्हती, पण आजोबांच्या तोंडी हातिमताई होता, अमीर हमजाची दास्तान होती, तिलिस्म आणि अय्यार होते. संध्याकाळी दर्ग्याकडून परत आले की पानाचा तोबरा सांभाळत ते एखादा तुकडा उर्दूत सुरू करत आणि मराठीत संपवत. पऱ्या उर्दूत बोलायच्या, राक्षस मराठीत.

राक्षस तर गावातच होता. राष्ट्रकूटांच्या काळात कंधारला क्षेत्रपालाची एक प्रचंड मूर्ती उभी होती. तिचे आता तुकडेच उरलेत. माणूस शेजारी उभा राहिला तर आपलं आपल्यालाच हसू येईल, एवढं एकेक पाऊल. इतिहासाच्या पुस्तकात राष्ट्रकूट स्वतःला कंधारपूरचे अधीश्वर म्हणवून घेत, असं वाचायला मिळतं. पोरांसाठी मात्र ते राकसाचं पाऊल होतं, आणि उरलेला राकस कुठं गेला याच्या प्रत्येक गल्लीत वेगळ्या हकिकती होत्या. आमच्या गल्लीच्या मते तो जगत्तुंग सागर तलावात झोपला होता.

तेव्हा आमची तहान राक्षसांची नव्हतीच. जे भागवतांनी दिलं ते वेगळं होतं. त्यांनी पत्ता दिला. बनेश ऊर्फ फास्टर फेणे, मुक्काम फुरसुंगी, शिक्षण पुण्याच्या विद्याभवनात, वाहन सायकल. परीकथेतला राजपुत्र कुठल्या तालुक्यातला, हे कुणी कधी सांगितलं होतं? फास्टर फेणेचा तालुका कळत होता. त्याच्या गावाला एसटी जात होती. किडकिडीत पोरगा, अंगात ताकद यथातथा, डोकं मात्र पळतं आणि त्याच्या पुढं पाय. संकट आलं की जिभेनं ‘ट्टॉक’ करायचं आणि सायकलवर टांग मारायची. तो चीनच्या युद्धात सीमेवर जाऊन आला, काश्मीरला गेला, प्रतापगडावर गेला, चक्रीवादळात सापडला, विमानचोरांच्या मागे लागला. वीस पुस्तकं झाली. आणि या सगळ्या भानगडी तो परत येऊन कुणाला सांगायचा, तर भा. रा. भागवत नावाच्या एका लेखकाला. हे लेखक गोष्टीत स्वतः वावरतात, काळजी करतात, थक्क होतात. मला तेव्हा ठाम वाटायचं की हे गृहस्थ फक्त लिहून घेतात, खरं सगळं बन्याच करतो.

आमच्याकडे तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. चौघांत एक. ज्याच्या खिशात पैसे तो फास्टर फेणे, उरलेले सुभाष देसाई आणि शरद शास्त्री. गोष्टीतली मुलगी, माली, व्हायला कुणी तयार नसायचं. मुलींना खेळात घ्यावं, हे आम्हाला सुचलं नाही आणि पुस्तकांनीही फारसं सुचवलं नाही. आज पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट टोचते. बन्या फुरसुंगीचा, पण बोलतो सदाशिव पेठेसारखं. आमच्यासारखं ‘करायलास’ नि ‘येतेत’ म्हणणारं त्या वीस पुस्तकांत कुणी मला भेटलं नाही. तरी मी ती वाचत राहिलो. भूक लागलेल्या पोरानं पंगतीत कोण वाढतंय ते पाहू नये. पण मोठेपणी पाहायला हरकत नसावी.

याच पत्त्याच्या युक्तीनं अमेरिकेत भागवतांच्या अर्धशतक आधी एकानं सगळा देश वेडा केला होता. एल. फ्रँक बाम त्याचं नाव. 1856 साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. नाटकं केली, कोंबड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि 1888 साली डाकोटातल्या ॲबरडीन गावी जाऊन ‘बाम्स बाझार’ नावाचं दुकान थाटलं. त्याच सुमाराला तिकडे दुष्काळ पडला. शेतकऱ्यांच्या हातात पैसा नाही, बामला कुणाला नाही म्हणवत नाही. उधारीची वही फुगली आणि दुकान बसलं. मग त्यानं साप्ताहिक चालवायला घेतलं, तेही बुडालं. शिकागोला जाऊन चिनी मातीची भांडी विकत फिरला, दुकानांच्या दर्शनी काचा सजवण्यावर मासिक चालवलं. हे सगळं करून झाल्यावर 1900 साली त्याची ओझच्या जादूगाराची गोष्ट आली. डोरोथी नावाची पोर, कान्ससमधलं करड्या रंगाचं घर, करडी जमीन, करडे झालेले काका-काकू. मग वावटळ येते आणि घरासकट तिला रंगीत मुलखात नेऊन टाकते. बाम स्वतः काही कान्ससचा नव्हे. ती करडी जमीन डाकोटातली, त्याच्या बुडालेल्या दुकानाच्या दारातून दिसणारी.

हे मी फार उशिरा वाचलं, पण ती पहिली पानं वाचताना कान्सस शोधायला नकाशा घ्यावा लागला नाही. बाहत्तरच्या दुष्काळात मन्याडच्या पात्रात वाळू सोडून काही नव्हतं. माणसं खडी फोडायला जायची. शाळेत सुकडी मिळायची. उधारीच्या वह्या आमच्याही दुकानदारांकडे होत्या, आणि ज्यांना नाही म्हणवलं नाही त्यांच्या दुकानाला पुढे दुसऱ्याचं नाव लागलेलं मी पाहिलंय. वावटळी तर चैत्रात रोज यायच्या. आमच्यापैकी कुणालाच त्यांनी उचललं नाही, एवढाच फरक.

बामनं त्या पुस्तकाच्या सुरुवातीला म्हटलंय की जुन्या परीकथांतले जिन्न, बुटके आणि अंगावर काटा आणणारे प्रसंग आता पुरे. नव्या मुलांना आश्चर्य आणि आनंद द्यावा, दुःस्वप्नं वगळावीत. याच माणसानं दहा वर्षांपूर्वी, 1890-91च्या हिवाळ्यात, आपल्या साप्ताहिकात तिथल्या मूळ रहिवाशांचा समूळ नायनाट करावा असं दोनदा लिहिलं होतं. दुसऱ्यांदा तर वूंडेड नीला झालेल्या त्यांच्याच कत्तलीनंतर. मुलांना दुःस्वप्न पडू नये म्हणून जपणारा हात तोच. याचा मेळ मला लागलेला नाही, आणि पुस्तक सुंदर आहे म्हणून तो लावून टाकायची इच्छाही नाही. बामनं ओझची चौदा पुस्तकं लिहिली, मधल्या काळात गोष्टींचे रंगीत सिनेमे-स्लाइड घेऊन फिरण्याच्या नादात दिवाळं काढलं, स्वतःची फिल्म कंपनी काढून तीही घालवली, आणि 1919 साली हॉलिवूडमध्ये वारला. लोकांना माहीत असलेला तो सिनेमा त्याच्यानंतर वीस वर्षांनी आला.

भागवतांच्या अंगी हा धंदेवाईक सोस नव्हता. मासिक बुडालं तेवढं पुरे झालं. त्यांनी पुढची सगळी वर्षं टेबलाशी काढली. फेणेखेरीज पुस्तकातच बुडालेला बिपिन बुकलवार त्यांचाच. मला तो फेणेपेक्षा जवळचा, कारण सायकल माझ्या वाट्याला क्वचित यायची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली, सुमीत राघवन त्यात फेणे झाला. 2001च्या ऑक्टोबरात भागवत गेले.

कंधारची गोष्ट मात्र राहिलीच. एवढा खंदक, एवढे दरवाजे, मलिक अंबरापासून मोगलांपर्यंत सगळ्यांनी ज्याच्यासाठी रक्त सांडलं तो किल्ला, राकसाची पावलं, आणि यातलं काहीही मुलांच्या एखाद्या झकास कादंबरीत नाही. याच तालुक्यात, इथूनच आमदार झालेल्या भाई केशवराव धोंडग्यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं होतं. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्याची गंमत केली. मला वाटतं, गाईंमागे फिरणाऱ्या पोराजवळ सांगण्यासारखं काही असतं, हे त्या विक्षिप्त थोर माणसाला जितकं कळलं तितकं संमेलनं भरवणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळलं नाही. नांदेडच्या सुरेश सावंतांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितांना 2025 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. म्हणजे कविता इथवर आली. कादंबरीची एसटी अजून लागायची आहे. फुलवळचा नाहीतर पेठवडजचा एखादा पोरगा, खंदकातला गाळ उपसताना सापडलेलं काहीतरी, बारूळच्या धरणावरचा रात्रीचा पहारा. सामान सगळं तयार आहे. आणि त्या पोरानं ‘ट्टॉक’ करू नये. आमच्याकडे जिभेचे दुसरे आवाज आहेत.

2017 साली फास्टर फेणेवर सिनेमा आला. अमेय वाघ फेणे झाला आणि भागवत झाले दिलीप प्रभावळकर, म्हणजे रत्नाकर मतकऱ्यांच्या ‘अलबत्त्या गलबत्त्या’ या बालनाट्यात एके काळी चिंची चेटकीण झालेले तेच. निर्मिती रितेश देशमुखांच्या कंपनीची, म्हणजे बाभळगावची, लातूरची म्हणायला हरकत नाही. मला त्या लातूरपणाचा अर्थ सिनेमा सुरू झाल्यावर कळला. कारण त्यातला बनेश आता शाळकरी नाही. तो डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला पुण्याला येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लागतो. नऊशे फुटी तोफ गेली, धूमकेतू गेला. आमच्याकडच्या मुलाला घरासकट उचलून नेणारी वावटळ आता अकरावीला येते. दहावी झाली की कंधारची हुशार पोरं लातूर नाहीतर नांदेडच्या क्लासला, सहा बाय आठच्या खोलीत, भिंतीवर बायलॉजीचा तक्ता. 2024 साली नीटच्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत येऊन पोचले, तेव्हा पटकथाकारांना काय वाटलं असेल?

माझा भाचा त्याच साली लातुरात होता. रविवारची टेस्ट संपवून त्यानं सिनेमा मोबाइलवर पाहिला आणि रात्री फोन केला.

“मामा, ह्यात पेपर लई सोप्यात फुटतो. असं नसतं.”

मी म्हटलं, बाबा, ती गोष्ट आहे.

“पोरगं भारी हाय पण. याचे अजून पार्ट हायेत का?”

“वीस पुस्तकं आहेत. पाठवू?”

पलीकडे कुणीतरी पान उलटलं. “पाठवा,” तो म्हणाला, “पण नीट झाल्यावर.”