बॅटरीतले सेल

२५ जून १९८३ ची रात्र तुमच्यापैकी जे तेव्हा जाणते होते त्यांना आठवत असेल. विलायतेत लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सारा देश त्या रात्री जागच्या जागी थांबला होता, असे आजही सांगतात. आमचे गाव तर थांबलेच होते. फक्त आमची म्हैस थांबली नाही.

आर्द्रा नुकत्याच लागल्या होत्या, पेरणीची घाई होती. तरी तिफणी बांधावर टेकवून माणसे पारावर जमली. गावात टीव्ही नव्हता. गुरुजींचा रेडिओ होता, पण त्याचे सेल उतरलेले. मी कुणाला न विचारता घरच्या बॅटरीतले सेल काढून नेले. पावसाळ्याचे दिवस, गोठ्यात विंचूकाट्याचे भय. पण अठराव्या वर्षी कपिल देवपुढे विंचू आठवतो कुणाला?

आपला डाव १८३ वर आटोपला आणि निम्मी माणसे जेवायला उठून गेली. १९७५ आणि १९७९ चा चषक ज्यांनी नेला, त्यांना साठ षटकांत एवढ्या धावा म्हणजे काय! वडीलही म्हणाले, "चला, सकाळी पेरायचंय." पण संधूचा चेंडू सोडून द्यावा म्हणून ग्रीनीजने बॅट वर उचलली आणि त्रिफळाच उडाला. मग रिचर्ड्‌सने झोडपायला सुरुवात केली. मदनलालचा एक चेंडू त्याने उंच मारला, कपिल उलटा पळत गेला आणि त्याने झेल घेतला. रेडिओला कान लावलेले गुरुजी हे ओरडून सांगतात तोच गेलेली माणसे उष्ट्या हाताने परत आली. वडील पुन्हा बसले ते बसलेच.

६ बाद ७६. पुढे दुजाँ आणि मार्शल चिकटून राहिले. नेमकी तेव्हा शेजारची पोर धावत आली. "म्हस अडलीया. आईनं बोलावलंय. बॅटरी कुठंय?"

"एवढी जोडी फुटू दे, आलोच," मी म्हणालो. वडिलांकडे पाहिले, तर ते रेडिओकडे बघत होते.

११९ वर अमरनाथने दुजाँचा त्रिफळा उडवला. जोडी फुटली, पण मी उठलो नाही. मार्शलचा झेल गावसकरने घेतला, तरी उठलो नाही. १४० वर होल्डिंग पायचीत झाला, आपण ४३ धावांनी जिंकलो, तेव्हा कुठे मी ओरडत घराकडे पळालो.

गोठ्यात शेजारच्या काकूंनी कंदील धरला होता. उजेड पुरेना म्हणून इतका जवळ, की तापलेल्या काचेने त्यांचे मनगट पोळले होते. आईचे हात कोपरापर्यंत माखलेले. पारडाचा एक पाय आत मुडपला होता, तो तिने नुसता चाचपून सरळ केला होता. आता रेडी चिपाडावर थरथरत पडली होती आणि म्हैस तिला चाटत होती.

"वरडू नको, बिचकंल ती," आई म्हणाली. गवताने हात पुसता पुसता तिने विचारले, "जिकलो का रं?"

"जिंकलो."

"बरं झालं. जा, त्ये सेल आण आन् बॅटरी घिऊन हितं बस. वार पडायचीय अजून. म्हशीनं खाल्ली नाय पायजे."

वडील केव्हा येऊन मागे उभे राहिले होते कळले नाही. काही न बोलता त्यांनी काकूंच्या हातातला कंदील घेतला.