कपाटात दडवलेल्या तारा

मासे पाळायची हौस आमच्या 'ह्यां'ची. जबलपूरला कांचघर भागात राहतो, तेव्हा घरात काचेचे घर हवेच, हा त्यांचा विनोद आल्यागेल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेला आहे. जीसीएफमधून निवृत्त झाले आणि महिन्याभरात तीन फुटी टाकी आमच्या दिवाणखान्यात आली.

मासे मलाही आवडले. आवडल्या नाहीत त्या तारा. एक दिव्याची, एक फिल्टरची, भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या हवेच्या पंपाची एक, आणि थंडी पडली तशी हीटरची. जानेवारीत इथे रात्री पारा १० अंशांच्या खाली येतो आणि या माशांना पाणी २५ अंशांच्या आसपास लागते, म्हणजे हीटरला इलाज नव्हता. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एकीने टाकीमागची ती जटा बघून विचारलेच, "वहिनी, टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलंत की काय?" त्या रात्री मी ह्यांना निर्वाणीचे सांगितले, तारा दिसेनाशा करा, नाहीतर मासे गच्चीवर.

ह्यांनी कपाटाचा आराखडा कारखान्यातल्या शिस्तीने, मिलिमीटरमध्ये काढला. ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटर पाणी मावते. म्हणजे सव्वाशे किलो नुसते पाणी, वर काच आणि रेती. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातले पितळी डबे धडाधड खाली आले होते. तो आवाज ह्यांच्या कानातून अजून गेलेला नाही. त्यामुळे पाण्याला टिकणारेच प्लायवूड हवे म्हणून दुकानात 'आयएस ७१०' हा शिक्का चष्मा लावून वाचला, मधे उभा आधार घातला आणि कपाट भिंतीला आवळून टाकले.

मिस्त्रींनीही मन लावून काम केले. पाठीला एक भोक, त्यातून सगळ्या तारा आणि हवेची नळी आत. तळाला एक्स्टेन्शन बोर्ड, शेजारी पंप, पुढे दोन दारे. "भाभीजी, एक भी तार नहीं दिखेगा," असे ते म्हणाले होते आणि खरेच दिसत नव्हती. माशांच्या खाण्याचा डबाही मी आतच ठेवला.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलीचा मुलगा आला. एके दुपारी आजोबा-नातवाने पाणी बदलून टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. मी मेणबत्ती शोधत होते, तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "आजी, कपाटात ओलं का आहे?"

माशांना खायला घालायची वेळ झाली म्हणून त्याने दार उघडून हात आत घातला होता.

मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. हे एक शब्द न बोलता आधी मेन स्विचकडे गेले. मग बॅटरीच्या उजेडात पाहिले. पंपातून पाणी ठिबकत होते आणि बोर्ड त्या पाण्यात होता. दहा मिनिटांनी शेजारी दिवे लागले. आम्ही तिघे मात्र अंधारातच बसून राहिलो.

घडले ते अगदी साधे होते. पंप चालू असतो तोवर नळीतून हवा टाकीत जाते. वीज गेली की हवेचा रेटा थांबतो आणि पाणी नळीत शिरते. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे ते काठावरून पलीकडे उतरले. पंप खाली, पाणी वर, मग एकदा लागलेली धार थांबते कशाला? पिंपातून नळीने रॉकेल काढायचो, तसेच. पंप फळीवर होता तेव्हा हे होणे शक्य नव्हते. मला तारा नकोशा झाल्या म्हणून तो खाली आला.

आयुष्यभर यंत्रांजवळ काढलेला माणूस, पण त्या रात्री नीट जेवले नाहीत. "भूकंपाचा विचार केला, वीज जाण्याचा केला नाही," एवढेच एकदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माशांच्या दुकानातून बोटाच्या पेराएवढी झडप आणली. हवा पुढे जाऊ देते, पाणी मागे येऊ देत नाही. ती नळीत बसली. बोर्ड तळावरून उचलून आतल्या बाजूला, वरच्या अंगाला ठोकला आणि सगळ्यांचे मिळून एक बटण कपाटाबाहेर काढले. टाकीत हात घालायच्या आधी ते बंद करायचे, असा आता घरात नियम आहे. प्रत्येक तार बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर नेली. तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोलातून खाली गळते, प्लगपर्यंत चढत नाही. इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतले. गेलेली वीज पूर्ण परत येत नसेल, कुठे पाण्यातून नाहीतर माणसाच्या अंगातून जमिनीत जात असेल, तर ते क्षणात प्रवाह तोडते. तेवढ्यावर विसंबून ओला हात आत घालायचा नाही, हे ह्यांनी नातवाकडून तीनदा म्हणवून घेतले. खाण्याचा डबा स्वयंपाकघरात गेला.

राहिली कपाटाची पाठ. आतली ऊब आणि दमट हवा बाहेर जावी म्हणून ती मोठी कापायची होती. मिस्त्री आले, खुणा पाहून कळवळले. "साहब, इतना काटेंगे तो तार दिखेंगे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "दिखने दो."