गारठलेली खोली

थंड देशांतील घर आणि आपल्याकडील घर ह्यांत मोठा फरक कोणता, असें मला कोणीं विचारलें, तर मी म्हणेन, आपल्याकडे पाणी तापवितात तें अंगावर घेण्यासाठीं, आणि इकडे इंग्लंडांत तापवितात तें घरभर फिरविण्यासाठीं! स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसवर चालणारा एक बंब असतो. त्यांत तापलेलें पाणी एक लहानसा पंप नळांवाटे खोलोखोलीं धाडतो. प्रत्येक खोलींत, बहुधा खिडकीखालीं, पत्र्याचा एक चपटा पोकळ रेडिएटर असतो. त्यांतून जातांना पाणी आपली ऊब खोलीला देतें आणि निवून पुन्हां बंबाकडे परततें. पाणी तेंच, फेरा तोच. आणि त्या फेऱ्यावर सबंध घराचा हिंवाळा अवलंबून असतो.

गेल्या हिंवाळ्यांत सासूबाई पुण्याहून आमच्याकडे लेस्टरला आल्या. वरच्या मजल्यावरची मागची खोली आम्हीं त्यांना दिली. तेथून बाग दिसते आणि देव मांडावयास पूर्वेची भिंत मिळते. आठवड्याभरांतच त्यांच्या अंगावर एकीच्या दोन शाली दिसूं लागल्या. विचारलें कीं म्हणत, “अग, वय झालें आतां. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजायचीच.” तक्रार करणें हें त्यांच्या वळणांतच नाहीं. पुढें एके दिवशीं त्यांनीं परतीच्या तिकिटाची चौकशी नातवाकडे हळूच केली, तेव्हां मात्र मी उष्णतामापक घेऊन त्यांच्या खोलींत गेलें. पारा १४ अंशांवर होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं घर आणि आरोग्य ह्यांविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत थंडीच्या दिवसांत घरांत किमान १८ अंश सेल्सिअस ऊब असावी असें सांगितलें असून, वृद्धांस व आजाऱ्यांस त्याहूनहि अधिक लागूं शकेल असें म्हटलें आहे. तेव्हां दोष सासूबाईंच्या वयाकडे देण्यापूर्वीं खोलीची प्रकृति पाहणें अगत्याचें होतें.

रेडिएटरची परीक्षा वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी हातानेंच करावयाची असते. तो कोठें गार आहे, ह्यावरून तो कां गार आहे हें बहुधा उमगतें. खालीं ऊन आणि वर गार असेल, तर वरच्या भागांत हवा कोंडलेली असते. पुण्यास पाणी जाऊन परत आलें म्हणजे नळ आधीं फुरफुरतो, त्याच जातीची ही हवा. ऊब बंद करून रेडिएटर निवूं द्यावा, खालीं फडकें धरावें, आणि वरच्या कोपऱ्यांतील चौकोनी मळसूत्र लहान किल्लीनें अर्धा फेरा सैल करावें. हवा सूं सूं करीत निघून जाते. पाण्याचा थेंब दिसतांच तें घट्ट करावें. मात्र त्यानंतर बंबावरील दाबमापक अवश्य पाहावा. बंदिस्त योजनेंत पाणी निवालेलें असतां दाब साधारण १ ते १.५ बार असावा लागतो. तो उतरला असेल, तर वरच्या मजल्यावरचे सगळेच रेडिएटर गार पडण्याचा संभव असतो.

उलट, वर ऊन आणि खालीं मध्यभागीं गार असेल, तर तेथें गाळ साचलेला असतो. आंतलें लोखंड गंजून त्याची जी काळी बारीक भुकटी होते, तिला मॅग्नेटाइट म्हणतात. लोहचुंबक तिला ओढून घेतो. म्हणूनच परतीच्या नळावर बंबाजवळ चुंबकाची गाळणी बसवितात. साचलेला गाळ मात्र धुऊन काढावा लागतो, आणि गंज रोखणारें औषध पाण्यांत घालावें लागतें. सगळाच रेडिएटर थंडगार असेल, तर त्याच्या झडपेवर संशय घ्यावा. ऊब आपोआप नियमित करणाऱ्या झडपेचें डोकें काढलें कीं खालीं एक बारीक खिळा दिसतो. तो दाबतांच खालीं जाऊन आपोआप वर यावा. उन्हाळाभर न हालल्यानें तो पुष्कळदां चिकटून बसतो.

सासूबाईंच्या खोलींत ह्यांपैकीं कांहींच आढळेना. रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखाच कोमट. हवा नाहीं, गाळ नाहीं, खिळा तरतरीत, दाबहि ठीक. तेव्हां मीं घरांतील बाकीचे सगळे रेडिएटर बंद केले. पाऊण तासांत तिचा रेडिएटर हात लावूं देईना! वाट मोकळी होती. वांटाच पोंचत नव्हता.

ह्याचें कारण साधें आहे. पाणी सोपी वाट धरतें. दिवाणखाना बंबाच्या जवळ; तेथील रेडिएटर पोटभर पाणी घेई, आणि फेऱ्याच्या टोकास असलेल्या मागच्या खोलीस उरलेंसुरलें मिळे. अशा वेळीं बंबाची आंच वाढविण्याकडे मनाचा ओढा असतो. पण त्यानें दिवाणखानाच अधिक तापतो आणि गॅसचें बिल वाढतें. खरा उपाय निराळा आहे. प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकास टोपणाखालीं आणखी एक झडप असते. जवळच्या रेडिएटरची ही झडप थोडी आवळावयाची, त्याहून दूरची त्याहून कमी, आणि अगदीं शेवटची पूर्ण उघडी ठेवावयाची. येणाऱ्या व जाणाऱ्या नळांच्या उष्णतेंत सुमारें ११ अंशांचा फरक राहावा, असा येथील जुन्या बंबांचा दंडक. नव्या बंबांना तो २० पर्यंतहि चालतो. प्रत्येक फेरफारानंतर थांबून पाहावें लागतें, म्हणून मला दोन संध्याकाळी लागल्या. बंबाच्या आवरणास मात्र मीं हात लावला नाहीं. गॅसचें काम ह्या देशांत ‘गॅस सेफ’च्या नोंदवहींतील कारागिरानेंच करावयाचें असतें, आणि तें योग्यच आहे.

तिसऱ्या दिवशीं मागच्या खोलींत पारा १९ वर आला. एक शाल खुंटीवर गेली, आणि तिकिटाची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं. दिवाणखान्यांत बसणारी मंडळी दोन दिवस कुरकुरली, पण त्यांना स्वेटर घालतां येण्यासारखे होते.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ह्यांत नवल वाटूं नये. पंक्तींत वाढप्याच्या जवळ बसणाऱ्याच्या पानांत पुन्हां पुन्हां पडतें, आणि टोकाचा मनुष्य ‘पुरे, पोट भरलें’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या बोलण्यावर विसंबणारी गृहिणी चांगली वाढपी नव्हे. तिनें पंक्तीच्या टोकाशीं जाऊन पान पाहावें. घरांत कोणी फारसें बोलत नसेल, तर त्याच्या खोलींतील भिंतीला आपणच एकदां हात लावून पाहावा.